नखाच्या टोकावरची पन्नास मिनिटं

दुपारी एकचा कार्यक्रम होता. पन्नास मिनिटं, मध्यंतर नाही, एकच वादक, एकच गिटार, माईक नाही. मी बारा पन्नासला लॅपटॉप मिटला आणि कुणाला काही न सांगता सटकलो, कारण सांगितलं असतं तर कुणीतरी "पाचच मिनिटं हां" म्हणून बसवून घेतलं असतं आणि ती पाच मिनिटं किती वाजेपर्यंत चालतात ते नोकरी करणाऱ्या माणसाला सांगायला नको. जेवण राहिलं. ते राहिल्याचा परिणाम पुढे येईलच.

घाईत चुकीच्या दारातून शिरलो. समोर हॉल नाहीच, एक अरुंद बोळ, आणि बोळाच्या टोकाला खिडकीशी खुर्ची टाकून एक मुलगी बसलेली, विशी-बाविशीची. गिटार बाजूला पेटीत. ती आपली उजव्या हाताची बोटं डोळ्यांसमोर धरून, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या पॉलिशपेपरच्या तुकड्याने अनामिकेचं नख घासत होती. दोनदा घासायचं, उजेडात धरायचं, अंगठ्याने कड चाचपायची, परत दोनदा घासायचं. घड्याळात बारा सत्तावन्न. मला बघून म्हणाली, "हॉल पलीकडून आहे, काका."

काका! असो. केसांकडे बघून म्हणाली असेल.

ज्यांनी क्लासिकल गिटार जवळून पाहिलेली नाही त्यांना हे नखांचं प्रकरण थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. या वाद्याला तार छेडायला हातात काही धरत नाहीत, ना प्लेक्ट्रम ना बोटात नखी. आपली स्वतःचीच नखं. डाव्या हाताची नखं अगदी मांसापर्यंत कापलेली, कारण ती बोटं तारा दाबतात, आणि उजव्या हाताची बोटाच्या टोकापुढे जेमतेम एक-दोन मिलिमीटर वाढवलेली आणि घासून घासून आरशासारखी केलेली. तारेला आधी बोटाचं मांस लागतं, मग तार नखाच्या कडेवरून घसरत सुटते, आणि हे घसरणं किती गुळगुळीत यावर सूर गोल येणार की खरखरीत ते ठरतं. कडेला डोळ्यांना दिसणार नाही एवढी खाच असली तरी कानाला लगेच कळते. अंगठा, तर्जनी, मधलं बोट, अनामिका यांना स्पॅनिश नावांवरून पी, आय, एम, ए म्हणतात. करंगळी बिचारी बिनपगारी, नुसती सोबत फिरते.

हे मला माहीत आहे कारण पंचविशीत मीही अडीच वर्षं शिकलो होतो. एकाच हाताची नखं वाढवलेला माणूस ऑफिसात काय काय ऐकून घेतो ते मी इथे लिहित नाही. नखं कापली ती त्यामुळे नाही, आळसामुळे, पण लोकांना सांगताना मी अजूनही पहिलंच कारण देतो. आणि तेव्हापासून एक सवय लागलीये, कुठेही गिटारवादन असलं की बाकीचे सगळे डावा हात बघतात, तो पट्टीवर कसा पळतो, बोटं कशी ताणली जातात वगैरे, आणि मी फक्त उजवा हात बघत बसतो. डावा हात कुठला सूर ते सांगतो. तो सूर प्रेमाने म्हटलाय की चिडून, ते उजव्या हाताकडे असतं.

तर योग्य दारातून आत गेलो. साठ-सत्तर माणसं असतील, बरीचशी माझ्यासारखी गळ्यात आयडी कार्ड लटकवलेली. दुसऱ्या रांगेत मधोमध जागा मिळाली. एसीचा मात्र एवढा घों-घों आवाज की त्या संयोजकांना कुणीतरी सांगायला हवं होतं की बाबांनो, आत बिनमाईकची गिटार वाजणार आहे. ती आली, बसली, डावा पाय फुटस्टूलवर ठेवला, गिटार मांडीवर घेतली आणि काही न वाजवता छताकडे बघत राहिली. आम्हीही बघितलं. मागून कुणीतरी उठून गेलं आणि अर्ध्या मिनिटात एसी बंद झाला. एक शब्द न बोलता! तेव्हाच मला ती आवडली.

एसी बंद झाल्यावर जी शांतता आली ती मी बऱ्याच दिवसांत ऐकली नव्हती.

पहिला तुकडा फर्नांदो सोर या स्पॅनिश गिटारवादक-रचनाकाराचा, मोत्सार्टच्या 'मॅजिक फ्लूट' ऑपेरातल्या एका छोट्या धुनेवरची व्हेरिएशन्स, १८२१ साली छापलेली. ऑपेरात जादूच्या घंटा वाजतात आणि धरायला आलेली माणसं नाचायला लागतात, तिथली ती धून. सोरने आधी एक गंभीर प्रस्तावना जोडलीये आणि मग ती धून पाच वेळा वेगवेगळे कपडे घालून येते. गिटारवाल्यांमध्ये हा तुकडा इतका वाजवला जातो की परीक्षक कंटाळत असतील, आणि खरं सांगतो, नाव वाचून मीही "अरे देवा" म्हणालो होतो. पण तिने दुसरं व्हेरिएशन, जे मायनरमध्ये, म्हणजे उदास सुरावटीत जातं, ते वाजवताना उजवा हात साऊंडहोलवरून, म्हणजे गिटारच्या पोटातल्या गोल भोकावरून, सरकवत पार पट्टीच्या टोकावर नेला आणि आवाज एकदम मऊ झाला, कुणी शेजारच्या खोलीतून बोलावं तसा. पुढच्यात हात परत ब्रिजकडे, म्हणजे तारा खाली जिथे बांधलेल्या असतात तिकडे, आवाज टोकदार, जरासा नाकातला. यात जादू काही नाही, तार मध्याच्या जवळ छेडली की वरचे स्वरांश कमी निघतात आणि टोकाजवळ छेडली की जास्त. पण तीच धून दोनदा वाजवायची असली की दुसऱ्यांदा हात कुठे न्यायचा हे ज्याला कळतं तो वादक, बाकीचे टायपिस्ट.

गंमत म्हणजे हा सोर स्वतः नखं लावून वाजवायचा नाही. १८३० साली त्याने गिटारवर जे शिक्षणाचं पुस्तक काढलं त्यात नखांनी वाजवणाऱ्यांबद्दल अगदी फटकळपणे लिहून ठेवलंय की असलं वादन मला सहन होत नाही. अपवाद एकच, त्याचा दोस्त दियोनिसियो आग्वादो, आणि तो पक्का नखवाला. पॅरिसमध्ये दोघं एकाच हॉटेलात राहायचे. सोरने दोघांनी मिळून वाजवायला एक रचना लिहिली, तिचं नावच 'दोन मित्र', आणि त्यात एक बाजू सोरची आणि दुसरी आग्वादोची असं नावानिशी छापलंय. म्हणजे एक मांसवाला एक नखवाला, तत्त्वावरून भांडण, आणि संध्याकाळी मैफल एकत्र. असे मित्र हवेत खरं तर.

मग बाख. प्रिल्यूड, फ्यूग आणि अॅलेग्रो, बीडब्ल्यूव्ही (बाखच्या रचनांची यादी) ९९८. बाखने हस्तलिखितावर ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) किंवा हार्प्सिकॉर्डसाठी (पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य) असं लिहिलंय, मूळ सूर ई फ्लॅट, गिटारवर बहुतेक जण तो डी मध्ये वाजवतात आणि त्यासाठी सगळ्यात जाड सहावी तार एक सूर खाली उतरवावी लागते. तिने खुंटी पिळून तार उतरवली, ऐकली, जराशी अजून उतरवली, तार बोटाने ओढून सैल केली, परत ऐकली. हे तिने घाई न करता केलं. बरेच तरुण वादक इथे घाबरतात, लोक ताटकळलेत असं त्यांना वाटतं आणि मग अर्धवट सुरात पुढे पंधरा मिनिटं आपलीच फजिती करून घेतात.

प्रिल्यूड संपला आणि फ्यूग सुरू व्हायच्या आधी तिने तीन-चार सेकंदांची शांतता ठेवली आणि नेमकं त्या शांततेत माझ्या पोटाने जो काही आवाज काढला, तो, मी शपथेवर सांगतो, पहिल्या रांगेतल्या बाईंनी मागे वळून बघावा इतका मोठा होता. मी अर्थातच शेजारच्याकडे बघितलं. तोही माझ्याकडेच बघत होता.

फ्यूग म्हणजे एकच छोटी धून वेगवेगळ्या आवाजांत एकामागून एक येत गुंफली जाते ती रचना, आणि या फ्यूगमध्ये एक सापळा आहे. बाख आपल्या फ्यूगमध्ये फार क्वचित करतो तसं त्याने इथे केलंय, पहिला भाग, मधला भाग आणि मग पहिला भाग जसाच्या तसा परत. म्हणजे पहिल्या भागाच्या शेवटी एकदा मधल्या भागात वळायचं असतं आणि दुसऱ्यांदा थांबायचं असतं. पाठ वाजवणाऱ्याच्या बोटांना हे माहीत नसतं, डोक्याला माहीत असतं, आणि डोकं त्या क्षणी कुठेतरी भलतीकडे असेल तर बोटं पहिल्याच वळणाने परत मधल्या भागात शिरतात आणि माणूस गोल गोल फिरत राहतो. दुसऱ्यांदा ती त्या वळणाशी आली आणि मला दिसलं, तिचा उजवा अंगठा तारेवर टेकला आणि उचललाच नाही. अर्धा सेकंद असेल. तिला माहीत नव्हतं. म्हणजे बोटं एकीकडे निघाली होती आणि डोकं म्हणत होतं थांब. मग अंगठा उचलला, शेवटचा स्वरगुच्छ आला, आणि तो अर्धा सेकंद ऐकणाऱ्याला मुद्दाम घेतलेल्या श्वासासारखा वाटला असेल. शेजारच्याने तर मान डोलावली. माझ्या तळहाताला घाम आला होता, आणि वाजवत मी नव्हतो.

अॅलेग्रोबद्दल काही लिहित नाही, तो धावला, छान धावला.

बाख संपल्यावर ती पहिल्यांदा बोलली. तार परत वर चढवता चढवता बोलली, म्हणजे वेळही गेला आणि आम्हाला करमणूकही झाली. म्हणाली, दुपारच्या मैफिलीत वाजवायला आवडतं कारण ऐकणाऱ्यांना परत जायचं असतं, त्यामुळे कुणी उगाच वन्समोअर मागत नाही. लोक हसले. मला त्यावरून लंडनमधल्या त्या युद्धकाळातल्या दुपारच्या मैफिली आठवल्या. १९३९ साली युद्ध सुरू झालं, रात्री काळोख पाळायचा म्हणून संध्याकाळचे कार्यक्रम बंद पडले, आणि पियानिस्ट मायरा हेस हिने नॅशनल गॅलरीत दुपारी मैफिली सुरू केल्या. चित्रं बॉम्बच्या भीतीने आधीच हलवली होती, भिंती रिकाम्या, तिथे माणसं बसली. १० ऑक्टोबर १९३९ला पहिल्या मैफिलीत ती स्वतः वाजवायला बसली आणि मग एप्रिल १९४६ पर्यंत, साडेसहा वर्षं, हे चाललं. बॉम्ब पडत असताना तळघरात जाऊन ऐकायचे, पण ऐकायचे. आणि मी एका मीटिंगला घाबरून लपतछपत आलो होतो.

मग ब्राझीलच्या विला-लोबोसचा पहिला प्रिल्यूड, १९४० चा. यात गाणं वरच्या तारांवर नाहीच, ते खाली जाड तारांवर, चेलोसारखं, आणि वरच्या मोकळ्या तारा नुसती साथ धरून राहतात. सुंदर खर्ज. फक्त अडचण अशी की नुकतीच चढवलेली तार आपल्या जुन्या जागी परत जायला बघते. नायलॉनचा स्वभावच तो. पूर्वी आतड्याच्या तारा असायच्या, दुसऱ्या महायुद्धात आतडं ऑपरेशनच्या टाक्यांसाठी लागायला लागलं आणि तारा मिळेनात, मग न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीनने नायलॉनच्या तारा करून बघितल्या, स्पेनचा नामवंत गिटारवादक सेगोव्हियाने त्या उचलून धरल्या आणि मग जगभर त्याच झाल्या. टिकाऊ आहेत, पण चढवल्या की उतरतात, उतरवल्या की जराशा चढतात, हट्टी पोरासारख्या. तर पहिल्याच पानात सहावी तार उतरायला लागली. तिच्या लक्षात आलं, माझ्या आलं, आणि पहिल्या रांगेतल्या त्या बाईंच्याही आलं असावं कारण त्यांची मान डोलायची थांबली. पहिला भाग संपून मेजरमधला मोकळा भाग सुरू होतो त्या सांध्यावर एक लांबलेला सूर आहे. तो वाजत असताना डावा हात पट्टीवरून निघाला, खुंटीला पाव वळसा दिला आणि परत जागेवर. सूर हवेतच सरळ झाला. असलं काही बघितलं की मला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात, पण मध्येच वाजवायच्या नसतात म्हणे.

आणि मग स्पॅनिश गिटारवादक तारेगाचं 'रेकुएर्दोस दे ला अल्हाम्ब्रा', म्हणजे अल्हाम्ब्राच्या आठवणी. तुम्ही ऐकलंय, नाव माहीत नसेल तरी ऐकलंय. गिटारचा सूर छेडला की लगेच विरायला लागतो, गळ्यासारखा किंवा व्हायोलिनसारखा तो धरून ठेवता येत नाही, हे या वाद्याचं कायमचं दुखणं. त्यावरचा इलाज म्हणजे ट्रेमोलो. अंगठा खाली बेस वाजवतो आणि लगेच अनामिका, मधलं, तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक, परत अंगठा, परत ती तीन. एका मात्रेत आठ सूर, तीन मात्रांचं आवर्तन, म्हणजे आवर्तनात चोवीस, आणि चार-पाच मिनिटं एकदाही न थांबता. नीट जमलं की सूर सुटे ऐकू येत नाहीत, एकच लांब थरथरती ओळ ऐकू येते, पाण्यावरच्या उन्हासारखी. जमलं नाही की घोडा दौडल्यासारखं होतं, टपटप-टप. माझं घोडंच व्हायचं. अडीच वर्षांतला एक अख्खा पावसाळा मी मेट्रोनोम लावून ते घोडं हाकत काढला.

तिचं घोडं झालं नाही. लय इतकी सारखी की मी डोळे मिटले. पण डोळे मिटल्यावर एक गोष्ट जाणवायला लागली, त्या तिनातला पहिला सूर जरासा वेगळा होता. मोठा नाही, आधी-नंतर नाही, फक्त रंग वेगळा. जरा काचेसारखा. एकदा कानात बसल्यावर मग तोच ऐकू यायला लागला. मी डोळे उघडून तिच्या अनामिकेकडे बघत राहिलो. पहिला सूर अनामिकेचा असतो. दुसऱ्या रांगेतून दिसणार काय कपाळ, बोटं तर नुसती धुरासारखी हलत होती.

आणि इथेही तेच, तारेगाने पुढे आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत नखं कापून टाकली आणि नुसत्या बोटांनी वाजवायला लागला. मला हे आधी वेडेपणा वाटायचं. हल्ली वाटत नाही. नख म्हणजे वाद्याचा असा भाग जो दारात अडकतो.

शेवटी पॅराग्वेच्या बारिओसचं 'ला कातेद्राल'. पहिला भाग त्याने बऱ्याच वर्षांनी, १९३८ मध्ये जोडला, बाकीचे दोन १९२१ चे. असं सांगतात की मधला भाग म्हणजे कॅथीड्रलमध्ये ऑर्गनवर ऐकलेला बाख, आणि शेवटचा जोरदार भाग म्हणजे तिथून बाहेर पडल्यावर भेटणारी रस्त्यावरची वर्दळ. एक वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी ती वर्दळ सुरू झाली. तोपर्यंत दोन-तीन जण मोबाईलवर वेळ बघायला लागले होते, त्यातला एक मी. पण तो शेवटचा भाग तिने असा काही उचलला, अंगठ्याने बेस ठोकत आणि वरची बोटं सुसाट, की मोबाईल खिशात गेले. एका ठिकाणी एक सूर चक्क चुकला, ठणठणीत चुकीचा, आणि ती हसली, आणि हसत हसतच पुढे गेली.

टाळ्या. वन्समोअर कुणी मागितला नाही, तिने सांगितलंच होतं.

मला खरं तर पळायला हवं होतं. तरी त्या बोळातून गेलो. ती गिटार पेटीत ठेवत होती. मी म्हणालो, "छान वाजवलंस. त्या तारेगामध्ये अनामिकेला काय झालंय?"

ती दचकली. "ऐकू आलं?"

"थोडंसं. पहिला सूर."

तिने हात पुढे केला. अनामिकेचं नख अर्ध्यावर तुटलेलं आणि त्याच्या खालून एक पांढरट तुकडा चिकटवलेला, कड इतकी सफाईने घासलेली की जवळून बघितल्याशिवाय कळू नये. "सकाळी या पेटीच्या खटक्यात अडकलं. पिंगपाँगचा बॉल कापून सुपरग्लूने लावलाय. माझ्या सरांच्या पेटीत कायम एक बॉल असतो, म्हणून मीपण ठेवते."

"आणि मध्येच निघाला असता तर?"

"म्हणून तर तारेगा बाखच्या नंतर ठेवला ना, काका. बाखमध्ये टिकला म्हणजे टिकेल असं वाटलं." मग जरा थांबून, "फ्यूगमध्ये एकदा त्याच्याकडेच लक्ष गेलं आणि मी कुठे आहे तेच विसरले."

मी म्हणालो, ते काही मला कळलं नाही. तिने माझ्याकडे असं बघितलं की ते तिला पटलं नाही हे मला कळलं. मग तिने पेटी पाठीवर घेतली, उजवा हात छातीशी मिटून धरला आणि लिफ्टचं बटण कोपराने दाबलं.

दोन अकराला जागेवर पोचलो. मीटिंग सुरू झाली होती आणि कुणीतरी म्हणालं, "पाचच मिनिटं लागतील."